गोडजेवणाआधीची ओळ

नंदे, सुटलीस बाई एकदाची.

हे असं बोललं की लोक दचकतात. परवा तुझ्या दारात चपला काढता काढता मी तुझ्या नवऱ्याला, भावजींना हेच म्हणाले, तर तुझ्या जालन्याच्या जाऊबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच तुला ढकलून दिलं. काय बाई ही, शाळेपासूनची मैत्रीण आणि जिभेला हाड नाही, असं वाटलं असणार त्यांना. भावजींनी मात्र नुसती मान हलवली. तुझ्या हाडांतलं दुखणं त्यांनी पाहिलंय, मी पाहिलंय. उशी जरा इकडची तिकडं केली तरी तू दात आवळायचीस, आणि वर मलाच म्हणायचीस, "शोभे, तू कशाला तोंड पाडतेस? दुखतंय मला." त्या सकाळी भावजींचा फोन आला की ती गेली, झोपेतच गेली, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं सांगू? गॅस बंद केला, ओट्याला टेकून खाली बसले आणि मोठ्यानं श्वास सोडला. रडणं मागनं आलं. आधी आला तो सुटकेचा श्वास, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आपण दोघी संभाजीनगरातल्या छावणीच्या. एकाच शाळेत, एकाच बाकावर. तू डॉक्टर झालीस, काचपट्ट्यांवरच्या पेशी बघणारी. मी कॉम्प्युटरात शिरले. आणि फिरून फिरून दोघी आपल्याच शहरात, एकाच कॅन्सर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, समोरासमोरच्या टेबलांवर येऊन पडलो. गाठीचा तुकडा तपासून तू सांगायचीस, हा कॅन्सर आहे. मग त्याच तुकड्यातल्या जनुकांची माहिती मी कॉम्प्युटरवर उलगडून बघायचे, नेमकं कुठं काय बिघडलंय. मधे चहा आणि भांडण.

आज तुला लिहायला बसले कारण आज फ्रीझ होता. देशातली बरीच केंद्रं मिळून स्तनाच्या कॅन्सरचा जो अभ्यास करतायत, त्याचा सामायिक तक्ता आज संध्याकाळी कुलूपबंद व्हायचा होता. त्यानंतर कुणालाही त्यातलं अक्षर बदलता येणार नाही, सगळे त्याच प्रतीवर पुढचं काम करणार. त्या तक्त्यात एकेका बाईची एकेक ओळ. आपल्या केंद्राच्या सगळ्या ओळी पूर्ण होत्या, एक सोडून. ती तुझी. आणि तुझं तेरावं परवा आहे. माझी काय पंचाईत झाली असेल ते तुला बरोबर कळेल. तरी मला पहिल्यापासून सांगू दे. सलग सांगितल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर येत नाही, तुला माहितीय.

क्लाउड यायच्या आधीचे दिवस आठवतात? आपली सगळी माहिती त्या लोखंडी कपाटात, हार्ड डिस्कवर. कोलकात्याच्या केंद्राला पाठवायची तर तू डिस्क तुझ्या जुन्या ओढणीत गुंडाळायचीस, खोक्यात घालायचीस आणि कुरिअरवाल्याला तीनदा बजावायचीस, "आपटू नको रे बाबा, आत बायका आहेत." तो बिचारा खोक्याकडं बघत राहायचा. एकदा डिस्क तिकडं पोचली ती उघडेचना. मी इतकी बेजार झाले की दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. आणि पोचली तरी काय, ते त्यांच्या पद्धतीनं हिशेब करणार, आम्ही आमच्या, वेल्लोरचे आणखी तिसऱ्या, आणि शेवटी उत्तरं जुळली नाहीत की प्रत्येक जण दुसऱ्याला शहाणपण शिकवणार.

मग सामायिक क्लाउडवर काम करायचं ठरलं आणि तू फणा काढून उभी राहिलीस. किती भांडलो त्यावर! तू म्हणायचीस, "मी प्रत्येकीच्या हाताला हात लावून सांगितलंय, तुझं नाव ह्या खोलीच्या बाहेर जाणार नाही. आता म्हणतेस, सगळं उचलून भलतीकडं ठेवायचं." मी म्हणायचे, अगं नाव जातंच नाही. नाव आपल्याकडं, तिकडं फक्त नंबर, वय आणि तालुका. कुणी उघडलं, कधी उघडलं, काय बदललं, सगळं आपोआप लिहिलं जातं. कुणालाही घरी प्रत नेता येत नाही, त्यांनी आपापली अवजारं घेऊन तिथंच यायचं, तिथंच बसून हिशेब करायचा. तुझ्या हातातला चहा गार झाला. मग विचारलंस, "म्हणजे आपली माहिती कुणाच्या दारात जाणार नाही, लोकच इकडं येतील?"

"हो."

"मंग येऊ दे की," म्हणालीस. "इतका वेळ सरळ सांगायला काय झालं होतं?"

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! पण खरं सांगते, तुझ्या त्या एका प्रश्नानं मलासुद्धा ती व्यवस्था पहिल्यांदा नीट समजली. पुढं मी चार ठिकाणी भाषणं ठोकली आणि तुझंच वाक्य वापरलं. तुझं नाव एकदाही घेतलं नाही, आणि तूही पहिल्या रांगेत बसून हसत होतीस.

त्यानंतर तुझी गाठ निघाली. तुझ्या रिपोर्टवर सही दुसऱ्या डॉक्टरांची लागणार होती, नियमच आहे तसा. पण काचपट्टी आली त्या दुपारी तू सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसलीस. मी म्हटलं, "ऊठ तिथनं."

"का? रोज बघते, आज काय झालं?"

बघत राहिलीस. मी दाराशी उभी. शेवटी डोकं वर न करता म्हणालीस, "वंगाळ आहे गं. पण काचपट्टीला रंग काय झकास चढलाय!" मी हातातला डबा टेबलावर आपटला आणि बाहेर गेले. तू मागनं आलीस, माझीच पाठ थोपटायला. कॅन्सर कुणाला आणि समजूत कोण काढतंय!

दुसऱ्याच दिवशी तू संमती दिलीस, तुझाही तुकडा अभ्यासात जाऊ दे म्हणून. मी नको म्हणत होते. तू म्हणालीस, "इतक्या बायांना मी सांगत आले की तुमचं पुढच्या बाईच्या कामाला येईल. आता माझ्या वेळी मागं सरू का?" नंबर मीच दिला. तो नंबर कुणाचा हे ह्या खोलीबाहेर कुणालाही माहीत नव्हतं, कोलकात्याच्या अनिर्बनलासुद्धा नाही. तू आजारी आहेस एवढंच त्याला माहीत.

अनिर्बन म्हणजे आकडेवारीचा माणूस, सगळ्या केंद्रांचे हिशेब त्याच्याकडं. बैठकीत कधी हसलेला मी तरी पाहिला नाही. त्या दिवशी मात्र पडद्यावर जरा खुलला होता. म्हणाला, तुमच्या केंद्रात एक गंमत दिसतेय. खुलताबाद तालुक्यातल्या काही बायका निदानानंतर बाकीच्यांपेक्षा थोड्या जास्त जगतायत. तिकडं पाण्यात काही आहे का? खाण्यात? डोंगरावरचं गाव म्हणतात, हवा वेगळी असेल? मी खुर्चीत पुढं सरकले. आपल्याकडं काहीतरी सापडतंय म्हटल्यावर मला कोण आनंद! आणि तू? पदराशी चाळा करत खाली बघत बसलीस. बैठक संपली, पडदा बंद झाला, तेव्हा हळूच म्हणालीस, "शोभे, ते हवापाण्याचं काही नाही. ते चाळिसाव्यामुळं आहे."

मला काही केल्या उलगडेना. मग तू सांगितलंस. पेशंट बाईच्या घरी तू नेमानं फोन करायचीस, कशी आहे विचारायला. गेली असं कळलं तरी लगेच तक्त्यात 'मृत' असं लिहायचा तुझा हात व्हायचा नाही. घरात दिवा लावलेला, माणसं भरलेली, पोरं अजून आईच्या साड्यांना हात लावत नाहीत, आणि आपण इथं कॉम्प्युटरवर तिला संपवून मोकळं व्हायचं? म्हणून तू थांबायचीस. हिंदूंच्या घरी तेराव्याचं गोडजेवण होईस्तोवर, मुसलमानांच्या घरी चाळिसावा होईस्तोवर. मग लिहायचीस. आणि आपल्या जुन्या तक्त्यात रकाना एकच होता, 'तारीख'. तू ज्या दिवशी लिहायला बसायचीस, त्या दिवसाची तारीख त्यात पडायची. खुलताबादकडच्या आपल्या पेशंट बऱ्याचशा मुसलमान घरांतल्या. म्हणून त्या सगळ्या तक्त्यात महिनाभर जास्त जगल्या. अनिर्बन बिचारा पाण्यात कारण शोधत होता!

मी कपाळावर हात मारला. "अगं येडे, म्हणजे ह्या सगळ्या बायका तक्त्यात उगाच जगल्या की!"

"उगाच कसं?" तू म्हणालीस. "घरच्यांसाठी त्या होत्याच तोवर."

हा वाद आपला मिटला नाही. आजही नाही. मी म्हणायचे, बाई किती काळ जगली यावरूनच कळतं की कुठला बिघाड जास्त घातक, कुणाला कडक औषध द्यायचं. तिथं तारीख म्हणजे तारीख, तिथं माया नको. तू म्हणायचीस, माया नव्हती तर त्यांच्या घरच्यांनी माझे फोन तरी कशाला उचलले असते? दोघींचं बरोबर होतं, आणि दोघींचा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतले डॉक्टर डोकावून गेले.

अनिर्बनला कळवणं भाग होतं. तूच कळवलंस, एक शब्द न लपवता. त्याचं उत्तर आलं ते वाचून तुझा चेहरा उतरला. त्याच्या जागी मी असते तरी तेच म्हटलं असतं: ज्या केंद्राच्या तारखाच भरवशाच्या नाहीत, ते केंद्र अभ्यासात कसं ठेवायचं? तारखा दुरुस्त होत नसतील तर संभाजीनगरच्या सगळ्या ओळी काढाव्या लागतील. सगळ्या. पैठणच्या, पाचोडच्या, खुलताबादच्या, छावणीच्या. जगातल्या कॅन्सरच्या माहितीत आपल्याकडच्या बायका आधीच जवळजवळ नाहीत. औषधं बनतात ती भलत्याच बायकांच्या पेशी बघून. ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकून हो म्हटलं, त्या सगळ्याच बाहेर. त्या दिवशी तू डबा उघडला नाहीस. तेव्हा तुझी केमो चालू होती, तुला खाणं किती जरुरीचं होतं! संध्याकाळी पर्स उचलताना म्हणालीस, "मी लावते फोन. एकेकीच्या घरी. खरी तारीख काढते."

आणि एक अट घातलीस अनिर्बनला. दोन रकाने करायचे. गेल्याची तारीख खरी, बिनचूक. पण लिहायचा दिवस आमचा, घरातलं कार्य पार पडल्यावर. त्यानं मान्य केलं. मला वाटतं, त्यालाही मनातनं ते पटलं होतं, फक्त तो बंगाली हट्टी.

पुढचे महिने तू पलंगावर आणि फोन कानाला. मी आले की उशा लावायचे आणि ऐकत बसायचे. खुलताबादच्या त्या सुनेला तू विचारलंस, "बेटा, अम्मी का चालीसवां कब हुआ था?" तिनं सांगितलं, कोण कोण आलं होतं, काय काय शिजलं होतं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "दाखला असेल ना घरात? त्याचा फोटो पाठव मला." ती म्हणाली, "भेजती हूं. पन अम्मां, आपकी आवाज को क्या हुआ? दवा तो बराबर ले रहे ना?" तू तिला म्हणालीस, घसा बसलाय जरा. फोन ठेवून डोळे मिटलेस. मी पाणी दिलं.

प्रयोगशाळेत असले की मी तक्ता उघडा ठेवायचे. त्यात तुझा कर्सर दिसायचा, जांभळा, वर तुझं नाव. मी इथं, तू छावणीत, अनिर्बन कोलकात्यात, आणि तिघं एकाच तक्त्यात. तुझा कर्सर एखाद्या ओळीवर थांबला की मी समजायचे, फोन लागला. फार वेळ हलला नाही की मी लगेच फोन करायचे.

"अगं जिवंत आहे मी! सासू बोलतीय तिची, थांब जरा."

अशा शिव्या खायला मला किती बरं वाटायचं, ते कधी सांगितलं नाही. त्या जांभळ्या कर्सरकडं बघत मी माझं काम करायचे आणि मनात म्हणायचे, चालू दे, असंच चालू दे. हे बोलायचं राहून गेलं. तू लगेच म्हणाली असतीस, "शोभे, रडकं बोलू नकोस, मला मळमळतं."

शेवटची राहिलेली तारीख हाती लागली आणि अनिर्बननं सगळ्यांना कळवलं की संभाजीनगरचं केंद्र अभ्यासात राहतंय. मी स्कूटर काढली, वाटेत गरमागरम भजी घेतली आणि तुझ्याकडं आले. तुला खाता येत नव्हतं. म्हणालीस, "नुसता वास दे." मी पुडी तुझ्या नाकाशी धरली आणि तू असा लांब श्वास घेतलास की भावजींना हसू आवरेना. नंतर तेच भावजी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होते. तुला दिसलं नाही, मला दिसलं. इतकं हलकं त्या घरात किती दिवसांत वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तू म्हणालीस, "शोभे, आता माझी ओळ..."

"गप," मी म्हटलं. "अभद्र बोलायचं नाही." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तू हसलीस आणि विषय सोडलास. पुन्हा काढला नाहीस.

आणि मग तू गेलीस, आणि फ्रीझचा दिवस तेराव्याच्या आधी आला.

बघ आता माझी गत. एका बाजूला तुझा नियम, गोडजेवणाआधी लिहायचं नाही. दुसऱ्या बाजूला कुलूप. आणि तिसरी गोष्ट तुला खरी सांगते, कारण तुला नाही तर कुणाला सांगू? न लिहिता सोडून देता आलं असतं. तुझ्या ओळीत 'शेवटचा संपर्क' म्हणून तू तपासायला आलीस तो दिवस होता आणि पुढं 'हयात'. असं राहिलेलं चालतं, बऱ्याच ओळींत तसंच असतं, कुणी विचारलं नसतं. आणि एकदा कुलूप लागलं की तू तिथं कायमची हयात. इथनं पुढं जो कुणी त्या तक्त्यावर काम करील, त्याच्या हिशेबात माझी नंदा जिवंत. मला मोह झाला गं. चांगला दणदणीत मोह झाला. ज्या बाईनं तुला तारखेवरनं इतकं छळलं, तीच बाई दोन दिवस त्या 'हयात'कडं बघत बसली होती.

आज सकाळी उठून छावणीत गेले. जाऊबाईंनी दार उघडलं. भावजी ओसरीवर बसले होते. मी सरळ सांगितलं, असं असं आहे, आज लिहावं लागेल, तुमच्या घरात अजून दिवा आहे, तुम्ही नको म्हणाल तर नाही लिहिणार. ते एकदम हसले. "शोभाताई, ती मला सांगून गेलीय. म्हणाली, शोभी मला बोलू देत नाही म्हणून तुम्हाला सांगते. मी गेल्यावर ही घोळ घालणार. जन्मभर दुसऱ्याला घाई करते, माझ्या वेळी बसेल कुथत. तिला म्हणावं, माझ्यासाठी नियम मोड, पण ओळ अर्धी ठेवू नको."

कुथत! हाच शब्द. मेल्यावरसुद्धा माझी खोड काढल्याशिवाय तुला चैन नाही. मी हसले, भावजी हसले, आणि आत जाऊबाईंनाही हसू फुटलं, ते त्यांनी पदरात लपवलं. दुखवट्याच्या घरात तिघं हसतोय म्हणून मग तिघंही ओशाळलो. निघताना मी विचारलं, हे सगळं लिहून काढू का कुठं? भावजी म्हणाले, लिहा, नंबर तेवढा नको. नंबर मी कुणाला सांगत नाही, आणि अनिर्बनला मराठी वाचता येत नाही.

तरी प्रयोगशाळेत येऊन पुन्हा बसलेच की तुझ्या ओळीसमोर! बोट जाईना. तेवढ्यात तुझ्या टेबलावरचा फोन वाजला. पाचोडचे ते मेंढरांचे काका, आपल्या एका पेशंटचे यजमान. नाव मी लिहीत नाही, तूच शिकवलंस. मेंढरं घेऊन कुठं कुठं असतात, फोनला रेंज नसते, म्हणून तू त्यांना बाजाराच्या दिवशी गाठायचीस. आज पाचोडचा बाजार.

"बाई, ह्या बाजाराला डाक्टरीणबाईचा फोन कसा काय नाय आला? म्हनलं आपनच लावावा. द्या की त्यास्नी."

मी सांगितलं. पलीकडं बाजाराचा गलका तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाले, "लई वंगाळ झालं. लई. तेरावं झालं का?"

"परवा आहे."

"मंग येतो म्या. मेंढरं भावाकडं सोडतो. छावणीतच ऱ्हात्यात ना?" आणि जरा थांबून, "बाई, आमची हाय बरं का चांगली. मेंढरामागं जातीया, भाकरी खातीया. त्या दर टायमाला इचारायच्या, मंग लिवून घ्यायच्या. तुमी घ्या लिवून."

"घेते काका."

"आजच घ्या. राहून जायाचं न्हाईतर."

फोन ठेवला आणि आधी त्यांच्या बायकोची ओळ उघडली. शेवटचा संपर्क, आजचा. हयात. नंदे, हे लिहिताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या वेळा तू हाच शब्द लिहिला असशील, आणि मला वाटायचं, तुझं फोनवर वेळ घालवणं चाललंय. तू ज्यांच्यासाठी दात आवळून फोन लावलेस, त्यातली एक बाई आज मेंढरांमागं हिंडतेय, पोटभर जेवतेय, आणि ते तक्त्यात आहे.

मग तुझी ओळ. आता हात थांबला नाही. 'हयात' पुसलं, 'मृत' लिहिलं. गेल्याची तारीख खरी, बिनचूक. लिहिल्याची तारीख आजची. दुसरा रकाना तुझ्याच हट्टापायी आला, म्हणून तिथं लिहायला जागा तरी होती. जतन केलं. इतके दिवस छातीवर जे बसलं होतं ते उतरलं. मी पाणी प्यायले, खिडकी उघडली, आणि मग मात्र टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडले. भूक लागली म्हणून थांबले. डबा खाल्ला, सगळा. समोरच्या तुझ्या खुर्चीकडं बघत खाल्ला.

संध्याकाळी अनिर्बनचा निरोप आला. "तुमच्या केंद्राची आता एकही ओळ अपुरी नाही. डॉक्टर नंदांना हे बघायला मिळायला हवं होतं. शेवटची नोंद आज आली, ती बाई कोण होती मला माहीत नाही, पण तिच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा."

मी लिहिलं, सांगते.

तक्त्याला कुलूप लागलं तेव्हा आपल्या सगळ्या बाया आत होत्या, नंदे. तू धरून.